टाकीवरची सही

आमच्या आजाला एका अर्जापायी
हैदराबादेकडं तोंड करून बसावं लागायचं.
बापाला औरंगाबाद. मग परभणी.
मी पोरगा असताना जिल्हा हिंगोलीला आला,
सेनगावला तहसील झालं, रसवंती झाली,
झेरॉक्सची सात दुकानं झाली.
सरकार असं कोसाकोसानं जवळ सरकत आलं,
आणि जेवढं जवळ आलं
तेवढं बारीक होत गेलं.
शेवटी अंगठ्याएवढं होऊन
चोपडे भाऊसाहेबांच्या खिशात बसलं.

डोंगल म्हणतात त्याला.
सरपंचाची सही त्यात असते.
भाऊसाहेबांकडं तीन गावं, तीन डोंगल,
एकाच कडीत, मोटरसायकलच्या चावीसंगं.
गाडीला किक मारली की
तिन्ही गावं खुळखुळायची.

मी माळधामणीचा शिपाई.
दवंडी माझी, झाडू माझा, पाणी सोडणंही माझंच.
अर्धा पगार सरकार देतं, अर्धा वसुलीतून.
वसुली होत नाही.

ग्रामसभा आमची अशी व्हायची:
गणपूर्तीअभावी तहकूब.
मग अर्ध्या तासानं तिथंच,
तीच नऊ माणसं, आता कायदेशीर.
सह्या मी घरोघर फिरून आणायचो.
एकदा मयत ग्यानबा पोलेंचीही आली.
अक्षर माझंच.

प्रयागबाई खिल्लारे राखीव जागेवर निवडून आल्या.
पहिलं वर्ष खुर्चीच्या कडेवर बसल्या,
जणू खुर्ची दुसऱ्याची, आत्ता मागायला येईल.
मग दोन ऑक्टोबरला,
सभा तहकूब व्हायच्या जरा आधी,
म्हणाल्या, "भाऊसाहेब,
माझी सही तुमच्या खिशात कामून हाय?"

भाऊसाहेब हसले.
आधी आमच्याकडं बघून, मग पंख्याकडं.
"अक्का, हरवून बसताल."
"माझी हाय. हरवली तर माझीच हरवंल."

कडीतून एक डोंगल निघायला
इतका वेळ लागतो
हे मला त्या दिवशी कळलं.

वस्तीवरचा व्हॉल्व्ह चार वर्षं ठरावात होता.
एकेचाळीस हजार तीनशे रुपये. बंधित निधी,
म्हणजे गाय आपली, दावं वरच्याचं.
पाण्याला चालतो. स्मशानाच्या रस्त्याला चालत नाही.
भाऊसाहेबांनी त्यांची सही तालुक्यातून केली,
राहिली बाईंची.

गावात रेंज कुठंच नाही. टाकीवर आहे.
ऑपरेटर निकिता लॅपटॉप पाठीला बांधून वर गेली.
मी म्हणालो, "अक्का, डोंगल द्या, पिन सांगा,
तुम्ही बसा निंबाखाली."
"पिन सांगायची नसती," त्या म्हणाल्या.
काष्टा आवळला, चपला काढल्या,
आणि शिडीला हात लावण्याआधी
तोच हात कपाळाला लावला.

अडतीस पायऱ्या.
विसाव्या पायरीवर थांबल्या, तेव्हा
पारावरचे पत्ते थांबले.
बाया दारात आल्या, पोरं भिंतीवर.
सगळं गाव माना वर करून.
गणपूर्ती झाली असती त्या दिवशी,
मोजली कुणी नाही.

वर पोचल्यावर त्यांनी आधी लॅपटॉप नाही, गाव पाहिलं.
नवा पाइप कुठून निघतो,
कुणाच्या वाड्याशी वळतो,
आणि वस्तीच्या शंभर पावलं अलीकडं
कसा जमिनीत तोंड खुपसतो.
"खालून वाटायचं, लई लांब हाय,"
एवढंच बोलल्या.

मग पदराची गाठ सोडली.
पिन दाबली. ओठ हलले नाहीत.
पडद्यावर चक्र फिरायला लागलं.
फिरतच राहिलं.
"झालं का?" खालून कुणी ओरडलं.
निकितानं हातानंच सांगितलं, थांबा.

पाच वाजले. पाणी सोडायची माझी वेळ.
मी खाली उतरलो, व्हॉल्व्हचं चाक फिरवलं,
टाकीच्या पोटात पाणी घुमायला लागलं.
वर त्या दोघी,
पदर वाऱ्यावर,
पडद्याला हाताची सावली धरून बसलेल्या.
"अजून फिरायलंय," प्रयागबाई वरून म्हणाल्या.
"तू सोड पाणी. म्या बसते."